सोबत आलेल्याला जरा बाहेर बसवा

डोकं दुखतं. लवकर दमायला होतं. मधूनच चक्कर येते. पाठ धरलीय. आणि हल्ली काही लक्षातच राहत नाही.

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या कुठल्याही बाईच्या तक्रारी अशाच असू शकतात. डॉक्टर हिमोग्लोबिन तपासायला सांगतील, लोहाच्या गोळ्या लिहून देतील, ‘झोप पुरेशी घ्या’ म्हणतील आणि पुढचा नंबर पुकारतील. पण या पाच तक्रारी मी एका अभ्यासातून उचलल्या आहेत. तस्करांच्या तावडीतून सुटून युरोपातल्या मदत केंद्रांत पोहोचलेल्या १९२ महिला आणि मुलींची त्यात विचारपूस केली होती. बहुतेकींना देहव्यापारात ढकललेलं होतं. २००८ साली निष्कर्ष छापून आले. डोकेदुखी ८२ टक्के, थकवा ८१, चक्कर ७०, पाठदुखी ६९, विस्मरण ६२ टक्के. तस्करीच्या काळात मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या होत्या ९५ टक्के.

म्हणजे जवळजवळ प्रत्येकीच्या अंगावरून हिंसा गेलेली, आणि डॉक्टरांच्या कानावर काय पडणार, तर ‘डोकं दुखतंय’.

लैंगिक शोषणासाठी तस्करी झालेल्या माणसांना ओळखायला आणि सांभाळायला डॉक्टरांना शिकवणं हा गेल्या वीसेक वर्षांत उभा राहिलेला विषय आहे. बाहेरून तो सोपा वाटतो. लक्षणांची यादी पाठ करायची, शंका आली की पोलिसांना फोन करायचा, मुलगी सुटली. प्रत्यक्षात या तिन्ही पायऱ्यांवर घसरायला होतं. कसं, ते बघू.

आधी एक सरळ प्रश्न. अशी माणसं डॉक्टरकडे येतात तरी का? त्यांना तर कोंडून ठेवलेलं असतं, असं आपल्याला वाटतं. पण ज्याच्या जिवावर कमाई चालते ते शरीर आजारी पडून चालत नाही. ताप, गर्भधारणा, फ्रॅक्चर, दाढदुखी, काहीही झालं की दाखवावंच लागतं. २०१४ साली अमेरिकेत सुटका झालेल्या शंभराच्या आसपास महिलांना विचारलं तेव्हा जवळपास ८८ टक्के जणी म्हणाल्या की, अडकलेल्या असतानाच त्या कुठल्या ना कुठल्या आरोग्यसेवेपर्यंत पोहोचल्या होत्या. २०१६ मधल्या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासात १७३ जण होते आणि हे प्रमाण ६८ टक्के निघालं. हे आकडे जपून वापरायचे, कारण ही उत्तरं सुटलेल्यांची आहेत. ज्यांना अजून कुणी विचारूच शकत नाही त्यांचं प्रमाण वेगळं असू शकेल. तरी निम्म्याहून बरेच जण डॉक्टरसमोर बसून परत तिथेच गेले, एवढं यातून नक्की दिसतं.

आणि समोर बसलेल्या डॉक्टरांचं काय? ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या ७८२ कर्मचाऱ्यांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तस्करीची शंका आली होती किंवा खात्री होती असा रुग्ण आपण पाहिलाय, असं १३ टक्के जणांनी सांगितलं. अशा रुग्णाला नेमकं काय विचारायचं हेच माहीत नाही, असं सांगणारे होते जवळपास ८७ टक्के.

शब्दांनी घातलेला घोळ

‘मानवी तस्करी’ म्हटलं की डोळ्यांपुढे काळोखी रात्र, सीमेवरचं तारेचं कुंपण आणि ताडपत्री टाकलेला ट्रक येतो. ‘मानवी वाहतूक’ म्हटलं तर प्रवास आलाच. कायद्याच्या मराठीत ‘अपव्यापार’ असा शब्द आहे. तो अर्थाला जास्त धरून आहे, पण बोलण्यात कुणी वापरत नाही. डॉक्टरांच्या प्रशिक्षणातला पहिला अर्धा तास बहुतेकदा हे ट्रकचं चित्र पुसण्यातच जातो, आणि तो जायलाच हवा.

संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर २००० मध्ये स्वीकारलेल्या आणि पालेर्मो या इटालियन शहराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या करारात तस्करीची व्याख्या आहे. तिचे तीन भाग पडतात. कृती, म्हणजे माणसाला मिळवणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या ताब्यात देणं. साधन, म्हणजे बळजबरी, धमकी, फसवणूक किंवा समोरच्याच्या असहाय परिस्थितीचा फायदा. आणि हेतू, म्हणजे शोषण. कृतीमध्ये ‘नेणं’ आहे, पण ते असलंच पाहिजे असं नाही. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच प्रियकराकडून किंवा सख्ख्या नातेवाइकाकडूनही तस्करी होऊ शकते. त्या मुलीनं गावाची वेस ओलांडलेली नसेल, रोज शाळेतही जात असेल, तरीही.

अठरा वर्षांखालच्यांसाठी मधला भाग गळून पडतो. फसवलं का, धमकावलं का, हे बघायचंच नाही. शोषणासाठी ठेवलं एवढं पुरे. ‘ती स्वतःहून करते’ हे वाक्य पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत निरर्थक आहे, आणि तरी केसपेपरवर ते वेगवेगळ्या सभ्य शब्दांत लिहिलं जातं.

प्रौढांच्या बाबतीत मधला भाग फार महत्त्वाचा ठरतो. देहविक्रय करणारी प्रत्येक बाई तस्करीची बळी असते असं नाही. हे प्रशिक्षणात ठासून सांगावं लागतं, कारण नवं ज्ञान मिळालेल्या डॉक्टरांना जिथे तिथे बळी दिसायला लागतात. स्वतःच्या निर्णयानं हे काम करणाऱ्या बाईला ‘तुला कुणी अडकवलंय का, पोलिसांना बोलवू का’ असं तीनदा ऐकावं लागलं, तर ती चौथ्यांदा येणार नाही. ती आली नाही की तिच्या शेजारची, खरोखरच अडकलेली मुलगीही येणार नाही. कुठला डॉक्टर बरा आणि कुठला नको, ही माहिती त्या जगात एकमेकींकडूनच मिळते.

आणखी एक. पीडित म्हणजे मुलगी, हेही डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मुलगे, पुरुष, तृतीयपंथी व्यक्ती यांचीही तस्करी होते. त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत.

लक्षणं कुठली?

यादी असते, आणि ती शिकायला हवी. दाखवायला केलेला उशीर. जखमेच्या वयाशी न जुळणारी हकिकत. एकाच वेळी जुन्या आणि नव्या, वेगवेगळ्या टप्प्यांवर भरत आलेल्या जखमा. पुन्हा पुन्हा होणारे लैंगिक संसर्ग. गर्भपात झालेले, पण तेही उशिरा आणि कुठे ते सांगता येत नाही असे. मानेवर किंवा मांडीवर कुणाच्या तरी नावाचं गोंदण, जे कुठून आलं हे विचारल्यावर चेहरा मिटतो. राहण्याचा पत्ता सांगता न येणं. ओळखपत्र दुसऱ्याच्या खिशात असणं.

काही गोष्टी यादीत वाचल्याशिवाय सुचणारच नाहीत. उदाहरणार्थ, पाळीच्या दिवसांतही यांना सुट्टी नसते. रक्त दिसू नये म्हणून योनीत कापूस किंवा स्पंजचा तुकडा ठेवायला लावतात. तो काढायचा राहून जातो आणि मुलगी दुर्गंधी, स्राव आणि ताप घेऊन येते. तो तुकडा बाहेर काढणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय उमटतं, यावर पुढचं सगळं संभाषण अवलंबून असतं. किळस उमटली तर ते तिथेच संपतं.

गळा दाबण्याचंही तसंच. बाहेरून एकही वळ नसू शकतो, आणि आत मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन काही दिवसांनी पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. ‘आवाज बसलाय, गिळताना दुखतं’ एवढीच तक्रार असते. घशाला सूज समजून गुळण्या सांगितल्या जातात. म्हणून ‘कधी कुणी गळा दाबलाय का’ हा प्रश्न त्याच शब्दांत विचारायला शिकवतात. ‘मारहाण झाली का’ विचारलं तर ‘नाही’ असं उत्तर येतं, कारण गळा दाबणं अनेकींच्या हिशेबी मारहाणीत धरलं जात नाही.

पण यादीची एक खोड आहे. तिच्यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या दहा कारणांनी असू शकतं. सगळ्यांत जास्त सांगितलं जाणारं लक्षण बघा: सोबत आलेला माणूस रुग्णाला बोलू देत नाही, सगळी उत्तरं तोच देतो. काळजीत पडलेली आईही हेच करते. आणि तस्करीतला ‘सोबतचा’ दरवेळी दांडगट पुरुष असेल असंही नाही. मोठ्या बहिणीसारखी वागणारी, पाठीवरून हात फिरवणारी, फाइल नीट सांभाळणारी बाई असू शकते. कधी कधी तीही पूर्वी याच रस्त्यानं आलेली असते.

चाळणीचं गणित

यादीपेक्षा जरा भक्कम साधन म्हणून छोट्या प्रश्नावल्या तयार झाल्या. त्यातली एक १२ ते १८ वयोगटासाठी आहे, अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि फक्त सहा प्रश्नांची आहे. नशापाणी, घरातून पळून जाणं, पोलिसांशी आलेला संबंध, हाड मोडणं किंवा मोठी जखम, आधी झालेले लैंगिक संसर्ग, जोडीदारांची संख्या. दोन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर पुढे विचारपूस करायची. १०८ मुलामुलींवर तपासली तेव्हा तस्करी झालेल्यांपैकी ९२ टक्के तिनं पकडले. तस्करी न झालेल्यांपैकी ७३ टक्के तिनं बरोबर सोडले.

९२ टक्के ऐकून बरं वाटतं. पण थांबून हिशेब करू. त्या १०८ जणांत तस्करी झालेले २५ होते, म्हणजे जवळपास दर चौथा. तरीही चाळणीत अडकलेल्यांपैकी निम्मेच खरे निघाले. आता हीच चाळणी एखाद्या मोठ्या रुग्णालयात सरसकट लावली, आणि समजा १००० मुलांत २० जण खरोखर अडकलेले आहेत. त्या २० पैकी साधारण १८ सापडतील. उरलेल्या ९८० मधल्या २७ टक्क्यांना, म्हणजे सुमारे २६५ मुलांनाही चाळणी ‘शंका आहे’ म्हणेल. हाती आले २८३, त्यात खरे १८.

यात प्रश्नावलीचा दोष नाही. मधुमेहाच्या प्राथमिक चाचणीचंही असंच असतं, आणि कुणी त्यावरून लगेच इन्सुलिन सुरू करत नाही. चाळणीत अडकलं म्हणजे ‘अजून थोडं बोलायला हवं’, एवढाच अर्थ. गोंधळ होतो तो हा आकडा निकाल समजून कुणी थेट पोलिसांना फोन लावतो तेव्हा. मग २६५ घरांत विनाकारण हलकल्लोळ होतो, आणि त्या १८ जणांचा मालक सावध होतो.

दोन मिनिटं एकटं

माझ्या मते या सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग हा आहे, आणि नेमका तोच घाईघाईनं उरकला जातो. रुग्णाला एकटं कसं गाठायचं?

हे करून बघावं लागतं, वाचून येत नाही. सरावात एक जण डॉक्टर होतो, एक रुग्ण, आणि एखादी अनुभवी नर्स ‘सोबतचा’ होते. डॉक्टर म्हणतो, “तुम्ही जरा बाहेर बसता का?” नर्स म्हणते, “का? तिला भाषा नीट येत नाही. मी नसले की ती घाबरते.” डॉक्टर गडबडतो. “तसं नाही, पण जरा... खासगी विचारायचं होतं.” “विचारा की माझ्यासमोर. आमच्यात काही लपवाछपवी नाही.” सोबतच्याला शंका आली, डॉक्टर हरला, आणि खोलीत बसलेल्या सगळ्यांना कळतं की आपणही असेच हरलो असतो.

दुसऱ्या खेपेला तो शिकतो. विनंती करायची नाही, कारण द्यायचं नाही, नियम सांगायचा. “आमच्याकडे प्रत्येक रुग्णाला आधी एकट्यानं तपासतात. झालं की मीच बोलावतो तुम्हाला.” आवाजात वाढ नाही, नजरेत संशय नाही. आणि हा नियम खरंच प्रत्येकाला लावलेला हवा, सत्तर वर्षांच्या आजोबांनाही. नाहीतर दारात बसलेल्या शिपायाच्या तोंडून तो खोटा ठरतो.

तेही जमलं नाही तर खोल्या मदतीला येतात. क्ष-किरणांच्या खोलीत रुग्णाशिवाय कुणाला नेत नाहीत, आणि हे सगळ्या जगाला माहीत आहे. लघवीचा नमुना द्यायला स्वच्छतागृहात एकटीनंच जायचं असतं. आतल्या भिंतीवर मदतीचा फोन नंबर लावलेला असू शकतो, नमुन्याच्या बाटलीवर पेन्सिलनं एक खूण करायची सोय असू शकते. बाटलीवर खूण दिसली की नर्सला कळतं.

भाषेची अडचण असेल तर दुभाषी रुग्णालयाचा किंवा फोनवरचा घ्यायचा. सोबतच्याला दुभाषी करायचं नाही, कितीही सोयीचं असलं तरी.

आणि या दोन मिनिटांत समोरच्या मुलीला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’? आपल्या भाषेत हा प्रश्न टाळता येत नाही. कोवळी दिसते म्हणून तोंडातून ‘काय गं, काय झालं?’ निघतं, आणि त्यात वाईट हेतू नसतो. पण तिच्याशी सगळे अरे-तुरेतच बोलत आले असतील, तर कुणीतरी ‘तुम्ही’ म्हणणं हाच एक वेगळा अनुभव असतो. लहान मुलीशी बोलताना अर्थातच ‘तुम्ही’ कृत्रिम वाटेल. तिथे आधी नाव विचारावं, ‘तुला काय म्हणून हाक मारू?’ असं. तस्करांनी दिलेलं नाव आणि खरं नाव वेगळं असू शकतं, आणि यातलं कुठलं सांगायचं हे ती ठरवते.

काय विचारायचं?

‘तुमची तस्करी झालीय का?’ हे तर नाहीच. या शब्दात कुणी स्वतःला बघत नाही. ती म्हणेल, तो माझा नवरा आहे. किंवा, माझ्यावर त्याचं कर्ज आहे, फिटलं की मी मोकळी. अनेकींच्या मनात त्या माणसाविषयी खरंखुरं प्रेम असतं. मारणारा, जेवू घालणारा आणि रडल्यावर जवळ घेणारा माणूस एकच असेल तर मन त्याच्याशी विचित्र पद्धतीनं बांधलं जातं. बाहेरच्याला हे पटत नाही. ‘मग पळून का गेली नाहीस?’ हा प्रश्न म्हणूनच तोंडातून जाऊ द्यायचा नाही.

त्याऐवजी साधे, रोजच्या जगण्याचे प्रश्न विचारतात. तुम्ही राहता तिथून हवं तेव्हा बाहेर पडता येतं का? कमावलेले पैसे कुणाकडे राहतात? तुमची कागदपत्रं तुमच्याजवळ असतात का? राहण्या-खाण्याच्या बदल्यात मनाविरुद्ध कुणाबरोबर झोपावं लागलंय का? इथून परत गेल्यावर कशाची भीती वाटते का?

पण यातला एकही प्रश्न विचारण्याआधी एक गोष्ट सांगायची असते, आणि ती बहुतेक जण विसरतात. ‘तुम्ही जे सांगाल ते मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येईलच असं नाही. रुग्ण अल्पवयीन असेल तर अनेक देशांत डॉक्टरला कळवणं बंधनकारक असतं. प्रौढांबाबतचे कायदे जागोजागी वेगळे आहेत. म्हणून आधीच सांगायचं: इथलं बोलणं खासगी राहतं, पण अमुक अमुक कळलं तर मला कळवावं लागतं. मग तिनं ठरवावं, किती बोलायचं. मुलगी मोकळेपणानं सगळं बोलल्यावर ‘आता मला पोलिसांना सांगावंच लागेल’ म्हणणं म्हणजे तिला आणखी एकदा फसवणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्ये तस्करी झालेल्या महिलांशी बोलण्याविषयी दहा सूचना केल्या. पूर्ण करता येणार नाही असं वचन देऊ नका, ही त्यातलीच. धोका टोकाचा आहे असं धरूनच चाला, असंही तिथे म्हटलंय.

‘डिग्निटी हेल्थ’ आणि ‘हील ट्रॅफिकिंग’ या अमेरिकन संस्थांचा हात असलेली एक पद्धत मला विशेष पटते. तिच्यात प्रश्नांच्या आधी माहिती येते. “काही वेळा लोकांवर नात्यातलंच कुणी किंवा काम देणारं कुणी जबरदस्ती करतं. आम्ही ही माहिती सगळ्यांनाच सांगतो. तुम्हाला नको असेल तर कुणा मैत्रिणीच्या उपयोगी पडेल.” एवढं बोलून थांबायचं. तिनं ‘हो’ म्हणायची गरज नाही. काही न बोलता ती उठून गेली तरी एक गोष्ट तिच्यासोबत गेली: इथे विचारता येतं.

‘नाही’ म्हणाली तर?

बहुतेक वेळा ‘नाही’च म्हणते. पहिल्या भेटीत खरं सांगावं असं तिच्या बाजूनं एकही कारण नसतं. पोलिसांचं भय, घरच्यांना कळण्याचं भय, परदेशी असेल तर हाकलून देण्याचं भय. शिवाय डॉक्टरही त्या माणसाच्या ओळखीचा असेल, हा संशय.

इथे प्रशिक्षित डॉक्टरलाही फार अस्वस्थ वाटतं. सगळं समोर दिसतंय आणि तिला जाऊ द्यायचं? प्रौढ आणि शुद्धीवर असलेल्या, त्या घडीला जिवाला धोका नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत उत्तर आहे: हो, कायद्यानं बंधन नसेल तर जाऊ द्यायचं. तिच्या शरीराचे, तिच्या वेळेचे निर्णय इतके दिवस दुसऱ्यानं घेतले. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून डॉक्टरनंही तेच केलं तर तिच्या दृष्टीनं माणूस तेवढा बदलला. जबरदस्तीनं सुटका केलेल्या कितीतरी जणी परत तिथेच जातात, कारण पुढे राहायचं कुठे आणि खायचं काय, याची सोय कुणीच केलेली नसते.

कबुली मिळवणं हे डॉक्टरचं काम नाही. उपचार मात्र कबुलीशिवायही पूर्ण करता येतात.

उपचाराचा भाग

लैंगिक हिंसेनंतरचे उपचार ठरलेले आहेत. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी पाच दिवसांपर्यंत देता येते, जितकी लवकर तितकी चांगली. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, संसर्गाच्या तपासण्या, गर्भचाचणी.

मात्र हे सगळे नियम एकदा घडलेल्या घटनेसाठी लिहिलेले आहेत. उद्या पुन्हा तेच घडणार असेल तर? २८ दिवसांची गोळ्यांची डबी ती कुठे लपवणार? पिशवीत सापडली तर मार पडेल. म्हणून डॉक्टरला वेगळा विचार करावा लागतो. एका डोसात भागण्यासारखं असेल तर तो डोस समोरच, पाण्याच्या पेल्यासकट द्यायचा. गर्भनिरोधन हवं असेल तर कुणाला न दिसणारं, इंजेक्शनसारखं. धोका रोजचा असेल तर एचआयव्हीपासून रोजच्या बचावासाठीच्या औषधांविषयी बोलायचं. मदतीच्या नंबराचं छापील कार्ड देण्याआधी विचारायचं, हे जवळ ठेवणं धोक्याचं आहे का? असेल तर नंबर तोंडपाठ करून घ्यायचा. तिचा मोबाइल बहुधा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांखाली असतो, त्यामुळे ‘मेसेज करते’ म्हणणं चुकीचं.

अमली पदार्थांचं व्यसन लावलेलं असेल तर ती अंगात कापरं भरायच्या आत निघून जाईल, कारण पुढचा डोस त्या माणसाकडे आहे. अशा वेळी तलफेवर नीट उपचार करणं हाच तिला थांबवून धरण्याचा उपाय असतो. ‘व्यसनी आहे, नाटकं करते’ असा शेरा मारून तिला ताटकळत ठेवणाऱ्या वॉर्डला हे आधी शिकवायला हवं.

तपासणी करताना प्रत्येक पायरीला विचारायचं. आता पोटावर हात ठेवू का? थांबू का? ‘थांबा’ म्हटलं की खरोखर हात काढायचा. कपडे एकदम सगळे उतरवायला सांगायचे नाहीत. कौमार्याच्या तथाकथित चाचण्यांना तर कुठे जागाच नाही. त्यांना वैद्यकीय आधार नाही, आणि त्या बंद करा असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१८ मध्येच सांगितलेलं आहे.

हकिकत आज एक आणि उद्या दुसरी सांगितली तर खोटं बोलते असं समजू नये. सुरुवातीच्या यादीतलं ६२ टक्के विस्मरण इथे आठवावं. आघात झालेल्या मेंदूत आठवणी तारीखवार लावलेल्या नसतात.

केसपेपरवर काय लिहायचं, हाही एक धडाच असतो. तिचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे. ‘रुग्णाचा आरोप आहे की’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला आधीच शंका येते. ‘रुग्ण सांगते’ पुरे. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१८ पासून निदानाच्या सांकेतिक क्रमांकांत तस्करीसाठी वेगळे क्रमांक आले. शंका असेल तर वेगळा, खात्री असेल तर वेगळा. त्यामुळे निदान मोजणी तरी सुरू झाली. पण तोच क्रमांक बिलावर छापून आला आणि बिल भरणारा तोच माणूस असेल तर? म्हणून ‘कुठे लिहायचं नाही’ हेही शिकवावं लागतं.

प्रशिक्षण कसं असतं, कसं हवं

अमेरिकेत यासाठी २०१८ चा कायदा आहे, सरकारी अभ्यासक्रम आहे, आणि फ्लोरिडासारख्या राज्यात डॉक्टरांना परवान्यासाठी दोन तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं गेलं. सक्तीनं एक होतं, प्रत्येकाच्या कानावरून विषय जातो. पण बऱ्याचदा ते संगणकावर पुढे-पुढे दाबून उरकलेले तास असतात, शेवटी दहा प्रश्न, आणि प्रमाणपत्र. थोड्या वेळातही फरक पडतो हेही खरं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या काही मोठ्या आपत्कालीन विभागांत फक्त २५ मिनिटांचं सादरीकरण करून पाहिलं तेव्हा, शंका आली तर कुणाला फोन करायचा हे माहीत असलेल्यांची संख्या स्पष्टपणे वाढली. अडचण पुढची आहे. बहुतेक अभ्यास डॉक्टरांना काय कळलं ते मोजतात. रुग्णांचं काय झालं ते फारच थोडे मोजतात.

आणि फक्त डॉक्टरांना शिकवून भागत नाही. सोबतचा माणूस आत यायच्या आधी बाहेर फोनवर काय बोलत होता, हे केस काढणाऱ्या बाईंनी ऐकलेलं असतं. आठवडाभरात तीन वेगळ्या मुलींना तोच माणूस घेऊन आला, हे सुरक्षारक्षकानं पाहिलेलं असतं. मुलीनं डबा मिटक्या मारत दोनदा मागून खाल्ला, हे आयांना माहीत असतं. हे तिघं कुणाला सांगणार, हे ठरलेलं नसेल तर डॉक्टरचं सगळं ज्ञान कोरडं राहतं. दंतवैद्यही यात हवेत. २०१६ च्या त्या अभ्यासात एक चतुर्थांशाहून जास्त जण दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलेले होते.

शिकवणाऱ्यांत स्वतः यातून बाहेर पडलेली माणसं असली तर फरक पडतो. त्यांना मंचावर बसवून रडवायचं नाही, मानधन देऊन तज्ज्ञ म्हणून बोलवायचं, आणि सरावात डॉक्टर कुठे चुकला हे त्यांनाच सांगू द्यायचं. तुम्ही माझ्याकडे न बघता संगणकावर लिहीत होतात, असं त्यातली कुणी सहज सांगून जाते.

एक छोटी युक्ती मात्र मला सगळ्यांत आवडते. हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. ‘नाही’ म्हणून उठलेल्या मुलीला पहिला डोस देऊन टाकायचा. मग सोबतच्याला आत बोलवायचं आणि त्याच्यासमोरच, रोजच्या कोरड्या आवाजात सांगायचं, “पुढचा डोस चुकवू नका हं. तिन्ही पूर्ण व्हायला हवेत.” आणि कार्डावर तारीख लिहून द्यायची.